सातव्या घराची पोथी

आमच्या चुमिक गावात घरं बारा आणि पोथ्याही बाराच. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला, जवाची पाती बोटभर वर आली की, प्रत्येक घरातलं एक माणूस आपल्या घराची पोथी पाठीला बांधतं आणि सगळे मिळून शेतांना प्रदक्षिणा घालतात. पहिल्या घराची पहिली पोथी, दुसऱ्या घराची दुसरी, अशी रांग लागते. आमचं घर सातवं.

या घरात सून म्हणून येऊन मला एकतीस वर्षं झाली. सासरे होते तोवर पोथी तेच वाहायचे. नंतरची पाळी माझी, हे ठरलेलं होतं. पण सात वर्षांपूर्वी खिंडीपलीकडच्या थांगसो गावात बर्फाच्या भारानं देवळाचं छप्पर बसलं आणि त्यांच्या सगळ्या पोथ्यांचा भिजून लगदा झाला. पाच घरांचं ते गाव. त्यांची शेतं प्रदक्षिणेवाचून राहायला नकोत म्हणून सासऱ्यांनी आपणहून सातवी पोथी पाठीला बांधली, खिंड ओलांडली आणि थांगसोत ठेवून आले. म्हणाले, त्यांची सोय लागली की मीच जाऊन आणेन. त्याच थंडीत ते वारले.

तेव्हापासून दरवर्षी त्या पौर्णिमेला मी रांगेत सातवी चालते, रिकाम्या पाठीनं. सहाव्या आणि आठव्या घराच्या मधली जागा मोडायची नाही असा गावाचा शिरस्ता, म्हणून चालायचं. माझी नणंद कुन्झेस दरवर्षी हसते. तिच्या मते आमचं घर सात वर्षं वारा वाहून नेतंय आणि त्यातही मी घामाघूम होते.

यंदा थंडीत माझा उजवा गुडघा सुजला. वैद्यांनी दाबून पाहिला आणि सांगितलं की हा उन्हाळा चालाल, पुढच्या उन्हाळ्याचं मी सांगत नाही, खिंड वगैरे तर विसराच. घरी येताना मी एवढंच मनाशी बोलत होते की एकदा, एकदाच, ती पोथी माझ्या पाठीवर असावी. एकतीस वर्षांत मी तिला हात लावला तो फक्त धूळ झटकायला.

चौथ्या महिन्याच्या सप्तमीला मी आणि कुन्झेस निघालो. पौर्णिमेला आठ दिवस होते.

निघण्याआधी मी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. रोज पहाटे सात वाट्या पाणी देवापुढे मांडायचं आणि पाच नेम मनाशी म्हणायचे, हे मी लग्नाआधीपासून करत आले आहे. त्यातला दुसरा नेम असा, की जे कुणी दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. पोथी आमची आहे खरी, पण सात वर्षं ज्या गावाची ती एकुलती एक पोथी आहे, त्यांच्याकडे तोंड उघडून मागायची आणि त्यांनी संकोचापोटी ती द्यायची, याला मी दिलेलं म्हणत नाही. तेव्हा मी मागणार नाही. तूही मागायची नाहीस.

कुन्झेसनं कमरेवर हात ठेवले. ती मला आचे, म्हणजे थोरली बहीण, म्हणते. "मग चाललीस कशाला, आचे? खिंडीची हवा खायला?"

मी म्हटलं, दर्शन घेऊ. त्यांना आपणहून द्यावीशी वाटली तर देतील.

"तुझा नेम तू पाळ की. माझ्या तोंडाला कुलूप कशाला?"

पण शेवटी तिनं आईच्या पेराकवर, म्हणजे पिरोजे जडवलेल्या शिरोभूषणावर, हात ठेवून कबूल केलं. वाटेत मात्र तिनं त्या कुलपाचा पुरेपूर सूड घेतला. माझ्या पिशवीतल्या सात पितळी वाट्या प्रत्येक पावलाला किणकिणत होत्या, तर म्हणे, आपण येतोय हे थांगसोला दोन दिवस आधीच कळेल, स्वागताला ढोल तरी काढतील. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत आली की मी ती उजव्या हाताला ठेवून पूर्ण वळसा घ्यायची आणि ती माझ्या गुडघ्याकडे बघून उसासे टाकत मागून यायची. एकदाही जवळच्या वाटेनं गेली नाही, हेही सांगायला हवं.

रात्र मेंढपाळांच्या दगडी खोपटात काढली. पहाटे बर्फ कडक होतं तेव्हाच खिंडीला लागलो आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत माथ्यावर पोचलो. माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर जुनी निशाणं फाटून चिंध्या झाली होती. कुन्झेसनं नवी पाच रंगांची माळ बांधली आणि देवांचा जय असो म्हणून अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या कड्यानं ती दोनदा परत केली. मीही म्हटलं. ती म्हणाली, "तुझा आवाज देवांनाच ऐकू येत असेल बाई, आम्हा माणसांच्या कानांना जमत नाही." खाली थांगसो दिसत होतं. पाच पांढरी घरं आणि त्यांच्या पायाशी हिरव्या शेतांचे पाच तुकडे. मला इतकं बरं वाटलं की गुडघ्याचं भानच राहिलं नाही.

त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला मी दुपारनंतर काही खात नाही. हे मी सांगतेय कारण पुढचा घोटाळा तिथून सुरू झाला.

थांगसोचा गोबा, म्हणजे गावचा पाटील, थिनलेस म्हणून पन्नाशीचा गृहस्थ. आम्ही चुमिकच्या सातव्या घरच्या, असं कळताच त्याच्या कपाळावर घाम आला. घाम येण्याएवढं ऊन नव्हतं. तो आम्हाला घरात घेऊन गेला, सगळ्यात वरच्या गालिच्यावर बसवलं. त्याचे वडील स्तोबदन, सगळ्यांचे मेमे म्हणजे आजोबा, चुलीच्या उजवीकडे बसले होते, सत्तरी ओलांडलेले, बोटांची पेरं काळी, कान जड. आई स्पाल्झेस, सगळ्यांची आबी म्हणजे आजी, लोण्याचा चहा घुसळत होती. बाकीच्या चार घरांतली माणसंही एकेक करून येऊन दाराशी बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. गोबानं आमच्या गावच्या बर्फाची, पाण्याची, याकांची, सासऱ्यांच्या जाण्याची, सगळी विचारपूस केली. पोथीचं नाव नाही. मग ताटं आली. शेवयांचा वाफाळता थुक्पा, लोण्याचा गोळा, वाळवलेलं पनीर. मी हात जोडून हळूच सांगितलं, मला चालणार नाही.

माझा आवाज तसाच. मेमेंपर्यंत पोचला नाही आणि गोबापर्यंत पोचला तो अर्धाच. त्यानं ताट पुन्हा पुढे केलं, मी पुन्हा नको म्हटलं. दाराशी बसलेल्यांचे चेहरे पडले. आमच्याकडे पाहुणा जेवायला नाही म्हणतो तो एकाच कारणासाठी. मनात गाठ असली की.

कुन्झेसनं दोन्ही ताटं संपवली, जवाची छांगही प्यायली आणि आज अष्टमी आहे, माझी भावजय अशीच आहे, म्हणून खुलासाही केला. पण उशीर झाला होता. गोबाला वाटलं की ती सारवासारव करतेय.

मी विचारलं, देवळात दर्शनाला जाता येईल का. एवढं तर विचारता येतं. गोबा म्हणाला, देऊळ बंद आहे, किल्ली लामांकडे, लामा खालच्या खोऱ्यात गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. हे सांगताना तो माझ्याकडे नाही, चहाच्या डब्याकडे बघत होता. चहाच्या डब्याशी खोटं बोलायला त्याला जड गेलं नसावं. आबीनं मात्र जपमाळेचे मणी भराभर ओढले.

मला समजलं. वाईट वाटलं, रागही आला असता, पण निघतानाच मी काही मागणार नाही म्हणून स्वतःला सांगितलं होतं, आता मागू न देणाऱ्यांवर कशी रागावणार? अंथरुणं घातली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट झाली. आमचे पाय दक्षिणेकडे आले होते. गोबा धावत आला आणि म्हणाला, तिकडून वारा येतो, डोकं तिकडे करा. वारा येतो तिकडे डोकं कोण करतं? कुन्झेस कुजबुजली की या घरातल्या माणसांना थंडी पायांना वाजते वाटतं. आणि झोपी गेली.

पहाटे मी सात वाट्या घेऊन गच्चीवर गेले. परगावी असले की पाणी मी उघड्यावर, उगवतीकडे तोंड करून मांडते. आमच्याकडच्या घरांसारखीच ती गच्ची होती. कडेनं कठड्यावर झुडपांच्या काटेरी काटक्या रचून ठेवलेल्या, थंडीच्या सरपणासाठी. दक्षिणेच्या कोपऱ्यातला ढीग जरा उंच होता. मी वाट्या पुसायला बसले.

आबी स्पाल्झेस धुपाचं निखारपात्र घेऊन वर आली. मी कोपऱ्यात बसले होते, तिला दिसले नाही. ती सरळ दक्षिणेच्या ढिगापाशी गेली, टोपी काढली, तीनदा धूप ओवाळला आणि काट्यांवर कपाळ टेकलं. काटा बोचला असणार, कारण ती कपाळ चोळत मागे झाली. मग वळली आणि मी दिसले.

ती म्हणाली, सरपण चांगलं वाळलंय. मी म्हटलं, हो, चांगलं वाळलंय.

तेवढ्यात मेमे वर आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांची रोजची वेळ असावी. टोपी काढली, ढिगासमोर हात जोडले, ओठ हलवले, टोपी घातली आणि खाली जायला वळले तेही ढिगाला पाठ न दाखवता, दोन पावलं मागे सरत. मग गोबा आला. तो बहुधा आईबापांना आवरायलाच आला होता. जिन्यावरूनच त्यानं मला पाहिलं, त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तरीही वर येता येता त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि टोपी उतरली.

पोथी जमिनीला टेकवायची नाही, कमरेच्या खाली ठेवायची नाही, तिच्या डोक्यावर कुणी चालायचं नाही, तिच्याकडे पाय करायचे नाहीत. हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की थांगसोच्या पाच घरांना ती लपवायला घरातली सगळ्यात उंच जागाच सापडली. तळघरात नाही, धान्याच्या कणगीत नाही, गोठ्यात तर नाहीच. आणि लपवली तरी नमस्कार केल्याशिवाय त्यांना चुकूनही तिच्या जवळून जाता येईना.

मला काय करावं कळेना. उठून काटक्या बाजूला केल्या असत्या तर तीन हातांवर पोथी होती. पण ती मला कुणी दिली नव्हती. मग मी मला जे येतं ते केलं. सातही वाट्या त्या ढिगासमोर कठड्यावर ओळीनं मांडल्या, जवाएवढं अंतर ठेवून, पाणी भरलं, आणि उभी राहून तीन साष्टांग नमस्कार घातले. तिसऱ्याला उठताना गुडघा कळवळला म्हणून जरा वेळ लागला. वर पाहिलं तर गोबाच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याच वेळी कुन्झेस वर आली. वेण्या सुटलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. चार माणसं सरपणापुढे हात जोडून उभी, सात वाट्या मांडलेल्या. ती थबकली.

"थांगसोत लाकूडफाटा महाग झालाय का हो?"

आधी आबी हसली. तोंडावर पदर धरून, खांदे गदगदा हलवत. मग मेमे, त्यांना ऐकू आलं नव्हतं तरी, आबी हसतेय म्हणून. गोबा हसता हसता खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. मला कितीतरी वर्षांत असं हसू आलं नव्हतं. पाच नेमांत हसण्याविषयी काही नाही, हे बरं आहे.

मग गोबानं सगळं सांगितलं. छप्पर कोसळलं त्या थंडीपासून मेमे पोथीची नक्कल करत होते. देवळाची सोय दुसऱ्या कुणी लावावी असं गावाला वाटलं नाही. खालून आलेल्या व्यापाऱ्याकडून कागद घेतला, चुलीच्या काजळीची शाई केली, बोरूही घरचाच. थंडीत शेताचं काम नसतं, तेव्हा लिहायचं. शाई गोठते, म्हणून दौत चुलीच्या कडेला ठेवायची, दोन ओळी झाल्या की पुन्हा शेकायची. सात थंड्या गेल्या. तीनशे सत्तर पानांतली अकरा उरली होती.

"दरवर्षी वाटायचं, या वर्षी पुरी होईल, मग नवी ठेवून जुनी घेऊन जाऊ, माफी मागू. सात वर्षं निरोपही धाडला नाही, कुठल्या तोंडानं धाडणार?" गोबा म्हणाला. "आता तुम्ही आलात. तुम्ही मागितली असती तर आम्हाला द्यावीच लागली असती. नाही म्हणता येत नाही. म्हणून तुम्हाला मागताच येऊ नये अशी ठेवली."

कुन्झेसनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "ऐकलंस, आचे? तू मागणार नव्हतीस, आणि हे मागू देणार नव्हते. तुम्ही सगळे मिळून एक मठ काढा."

मी गोबाला विचारलं, रोज किती पानं होतात. आता शाई गोठत नाही म्हणून दोन, तो म्हणाला, थंडीत आठवड्याला तीनच. मेमेंच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि या पोथीचं तुम्हाला माहीतच आहे. सासरे वाचायचे तेव्हा ऐकून माहीत होतंच. तेच वाक्य, त्यात एकच शब्द बदललेला, पुढच्या ओळीत पुन्हा तेच वाक्य, पुन्हा एक शब्द नवा. रूप शून्य, वेदना शून्य, अशी शंभर नावं. पानावरून नजर उचलून कागदावर नेली आणि परत आणली की आपण कितव्या नावाशी होतो ते सापडत नाही. मेमेंनी कितीतरी ओळी दोनदा लिहून खोडल्या होत्या.

अकरा पानं, दिवसाला दोन. सहा दिवस. आणि घरी पौर्णिमेला पोचायचं तर त्रयोदशीला निघायला हवं होतं. मधे चार दिवस. मी बोटांवर मोजलं आणि गोबाला म्हटलं, मी वाचून दाखवते, मेमेंनी नुसतं ऐकून लिहावं. मग त्यांना नजर हलवायला नको.

आबी म्हणाली की कल्पना चांगली आहे, पण यांना ऐकू कुठे येतं.

"आणि हिला बोलता कुठे येतं," कुन्झेस म्हणाली.

पोथी सरपणातून काढली ती मेमेंनीच, आपल्या हातांनी, काटे टोचून घेत. खाली घरात आणून चौरंगावर ठेवली, दुसऱ्या बाजूला त्यांचा कागद. मी समोर बसले, पान कपाळाला लावलं आणि वाचायला लागले. रोज सकाळी घरच्या लहान प्रार्थनापुस्तकातलं एक पान वाचायचं हाही माझा नेमच आहे, त्यामुळे वाचण्याचं अडलं नाही. मेमे बोरू उचलून माझ्या तोंडाकडे बघत बसले. वाक्य संपलं. त्यांनी बोरू तसाच धरला होता. "सुरू करायचं ना?" त्यांनी विचारलं.

मी जरा मोठ्यानं वाचलं. त्यांनी कानाला हात लावला. मी आणखी मोठ्यानं वाचलं. आपण ओरडतोय या लाजेनं माझे कान तापले, आणि आबी चुलीपाशी बसून म्हणाली की मला शेजारच्या खोलीत पुटपुटल्यासारखं वाटतंय.

कुन्झेस माझ्या मागे येऊन बसली. आचे, ती म्हणाली, समोरच्या डोंगरावर तुझा याक चढलाय, अंधार पडायला आलाय आणि तो तुझ्याकडे पाठ करून उभा आहे. आता वाच.

मी आयुष्यात कधी याकाला हाक मारली नव्हती. आमच्या घरी ते काम तिचंच. मी डोळे मिटले, पोट आत ओढलं आणि वाक्य फेकलं. कोठीतली दोन कबुतरं उडाली. मेमेंचा चेहरा उजळला आणि बोरू कागदावर चालायला लागला.

पहिल्या दिवशी अडीच पानं झाली. दुसऱ्या दिवशी तीन. माझा आवाज शेतात पोचत होता. खुरपणाऱ्या बायका थांबून ऐकत, मग त्यांच्यातल्या कुणी कुणी लोकर आणि चाती घेऊन थेट गोबाच्या अंगणातच येऊन बसल्या. पाचही घरांनी त्या दिवसांत जवळजवळ पोथीचं पारायणच ऐकलं. दशमीला तर वरच्या कुरणातून एक मेंढपाळ उतरून आला. वर आवाज येतोय, कुणाचं काही झालंय का, म्हणून विचारायला. आबीनं त्याला चहा दिला आणि बसवलं. कुन्झेस दर अर्ध्या तासानं मला कोमट पाणी आणि लोणी पाजायची आणि मधेच ओरडायची, "याक हलला नाही, आचे!"

एकादशीच्या संध्याकाळी माझा आवाज फाटला. द्वादशीला सकाळी तोंड उघडलं तर करवतीनं ओला वासा कापावा तसा आवाज आला. पण मेमेंना तो जास्तच स्पष्ट ऐकू येत होता. असा आवाज असलेलं माणूस त्यांना लहानपणापासून हवं होतं, असं ते म्हणाले, आणि आबीनं त्यांच्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहिलं. दुपार कलायच्या आत शेवटचं पान लिहून झालं.

शेवटी लिहिणाऱ्याचं नाव घालायचं असतं आणि सगळं पुण्य सर्व जीवांना अर्पण करायचं असतं. मेमेंनी बोरू नव्यानं तासला. एकेक अक्षर कोरत लिहिलं, थांगसोच्या स्तोबदननं लिहिलं. थोडं थांबले आणि पुढे लिहिलं, चुमिकच्या सातव्या घरच्या यांगडोलनं वाचून दाखवलं. मी मान जोरात हलवली, हात हलवले. माझं नाव नको, हे सांगायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता. मेमेंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी विरोध करू शकत नाही असा दिवस निवडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"आणि माझं?" कुन्झेसनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. "याक कुणाचा होता?"

मेमेंनी विचार केला आणि ओळीच्या शेवटी, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरांत लिहिलं, याक कुन्झेसचा. कुन्झेस हसत होती. आजही थांगसोच्या सातव्या पोथीच्या शेवटच्या पानावर ते आहे.

त्रयोदशीला पहाटे सगळं गाव अंगणात जमलं. नवी पोथी पिवळ्या कापडात गुंडाळून आबीच्या पाठीला बांधली होती, कारण थांगसोची प्रदक्षिणा त्यांनी त्याच दिवशी करायचं ठरवलं. आम्ही असेपर्यंत. मग मेमे आमची जुनी पोथी दोन हातांवर घेऊन माझ्यासमोर आले. मी त्यांच्याकडे पाठ करून वाकले. ते म्हणाले, "मागितली नाहीस म्हणून देतोय असं समजू नकोस, पोरी. मागितली असतीस तरी दिली असती. पण अशी दिली नसती."

पोथी पाठीवर आली. मला वाटलं होतं त्याहून ती जड होती. तिच्या वरखाली बांधलेल्या लाकडी फळ्यांची कड खांद्याच्या हाडाला बरोबर लागत होती, आणि मला समजलं की सासऱ्यांचा डावा खांदा नेहमी खाली का झुकलेला असायचा.

त्यांच्या शेतांभोवती आम्ही दोघी पुढेमागे चाललो. पुढे आबी नवी घेऊन, मागे मी जुनी घेऊन, शंख, धूप, लहानमोठी सगळी माणसं. आबी दर दहा पावलांवर मागे वळून विचारायची, सरपण जड झालं का. मी मानेनंच नाही म्हणायचे. आणि तिथूनच थेट खिंडीची वाट धरली. गोबा आणि चौघं माथ्यापर्यंत आले. चढावर माझा गुडघा थरथरायला लागला तेव्हा मी आपणहून पोथी कुन्झेसच्या पाठीवर दिली, कारण हट्टापायी मी पडले असते तर पोथीही पडली असती. दम खायला कड्याला टेकून उभं राहायचं, बसायचं नाही, कारण पोथी टेकवायला जागा नसते. कुन्झेसनं तो सगळा चढ एकदाही न बसता काढला. आणि तोंड मिटून काढला. त्यावरून ती किती दमली असेल ते ओळखा.

चतुर्दशीला संध्याकाळी आम्ही चुमिकच्या मणी भिंतीपाशी पोचलो आणि कुन्झेसनं पोथी मला परत बांधून दिली. गावात शिरताना ती माझ्या पाठीवर असायला हवी, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सहाव्या घराचा म्हातारा पुढे, आठव्या घराची सून मागे, आणि मधे मी. रांग निघाली तेव्हा सगळे मंत्र म्हणायला लागले आणि माझ्या तोंडातून नुसती हवा आली. आठव्या घरची सून घाबरली, काय झालं म्हणाली. कुन्झेस बांधावरून आमच्या बरोबरीनं चालत होती. तिनं सांगितलं की आमच्या आचेनं खिंडीपलीकडे याक हाकून घसा बसवून घेतलाय, दोघींचं मी म्हणते. आणि ती दोघींचं म्हणत राहिली, अर्धी शेतं ऐकतील अशा आवाजात.

जवाची पाती ओली होती. वरच्या पाटातून पाणी सुटलं होतं आणि बांधावरून जाताना पाय घसरत होते. तिसऱ्या शेताशी गुडघा बोलायला लागला, अकराव्याशी ओरडायला लागला. कुन्झेसनं ते पाहिलं. ती जवळ आली आणि हळू, खरंच हळू, म्हणाली, "आचे, दे माझ्याकडे. राहिलेलं मी नेते. कुणी काही म्हणणार नाही."

एकतीस वर्षांत मी त्या घरात कुणाला काही नाही म्हटलं असेन तर मला आठवत नाही. मी पाठीवरच्या दोन्ही दोऱ्या छातीशी घट्ट धरल्या आणि मान हलवली. मग तिला नीट कळावं म्हणून पुन्हा एकदा हलवली.

कुन्झेस एवढी हसली की सहाव्या घरच्या म्हाताऱ्याचा मंत्र चुकला आणि त्यानं तो सुरुवातीपासून म्हणायला घेतला. आम्ही त्याच्या मागचे सगळे बाराव्या शेताकडे वळलो.